सरकती सीमा

पुण्याहून बेंगळुरूकडे निघालेली गाडी कागल मागे टाकते, दूधगंगेचा पूल ओलांडते, कोगनोळीच्या टोलनाक्यावर रांगेत उभी राहते आणि आपण सीमाभागात शिरतो. मग निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, बेळगाव. या पट्ट्यातल्या माणसाला ‘सीमा’ शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखलेली रेघ त्याने दुकानांच्या पाट्यांवर पाहिली आहे, जमिनीच्या उताऱ्यावर वाचली आहे, आणि ती इंचभर सरकलेली मात्र कधी पाहिलेली नाही.

पदार्थविज्ञानात एक सीमा अशी आहे, की ती गेली चाळीस वर्षं सरकतेच आहे. काही विशिष्ट कणांच्या शोधात निघालेले शास्त्रज्ञ दर चार-दोन वर्षांनी जाहीर करतात : इथपर्यंत पाहिलं, इथपर्यंत ते नाहीत. पुढच्या खेपेला रेघ आणखी पुढे जाते. या कणांना सुपरसिमेट्रीचे, म्हणजे अतिसममितीचे कण म्हणतात. आजवर त्यातला एकही हाती लागलेला नाही. तरीही त्यांच्या शोधाला इतिहास आहे, आणि त्यातली काही महत्त्वाची पानं मुंबईच्या कुलाब्यात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत आणि या महामार्गाच्या दोन टोकांना लिहिली गेली. पुण्यात जन्मलेल्या आणि बेंगळुरूला पाव शतक काम केलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले यांच्या आयुष्याचा मोठा भाग या दोन टोकांना गेला.

हिशेब का जुळेना

१९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मूलकणांचा एक नीटनेटका आराखडा तयार झाला होता. त्याला ‘स्टँडर्ड मॉडेल’ म्हणतात. या आराखड्यात कणांच्या दोन जाती आहेत. एक फर्मिऑन : इलेक्ट्रॉन, क्वार्क वगैरे, ज्यांचा पदार्थ बनतो. हे एकलकोंडे असतात, एका अवस्थेत दोघं कधी नांदत नाहीत. दुसरे बोसॉन : प्रकाशाचा फोटॉन हा त्यातला ओळखीचा. हे बलांची ने-आण करतात आणि त्यांना गर्दीचं वावडं नसतं. बोसॉन हे नाव आपल्या सत्येंद्रनाथ बोसांवरून पडलं.

या दोन जातींमध्ये काही नातं असेल का? १९७१ मध्ये मॉस्कोत गोल्फंड आणि लिख्तमन यांनी तसं गणित मांडलं, पण शीतयुद्धाच्या काळात ते फारसं कुणाच्या नजरेस आलं नाही. १९७४ मध्ये युलियस वेस आणि ब्रूनो झुमिनो यांनी स्वतंत्रपणे तेच नातं जास्त सोप्या रूपात मांडलं आणि सगळ्यांचे कान टवकारले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : प्रत्येक फर्मिऑनला एक बोसॉन जोडीदार असतो आणि प्रत्येक बोसॉनला एक फर्मिऑन. इलेक्ट्रॉनचा जोडीदार सिलेक्ट्रॉन, क्वार्कचा स्क्वार्क. फोटॉनचा फोटिनो आणि क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनचा ग्लुइनो. एका फटक्यात सृष्टीतल्या कणांची संख्या दुप्पट झाली, फक्त कागदावर.

दिसत नसलेले इतके कण मानायची गरज काय? तर एक हिशेब जुळत नव्हता. मूलकणांना वस्तुमान मिळण्यामागे हिग्ज कण असतो. त्या हिग्जचं स्वतःचं वस्तुमान मात्र पुंजभौतिकीच्या नियमांनी फुगत जातं, अक्षरशः आकाशाला भिडतं. प्रत्यक्षात ते कमीच असायला हवं होतं. समजा दोन अनोळखी व्यापाऱ्यांच्या वह्या आहेत. एकाचा आकडा तीस अंकी, दुसऱ्याचाही तीस अंकी, आणि दोघांची वजाबाकी केली की नेमके सव्वाशे रुपये उरतात. असा योगायोग कुणी मानेल? वह्या कुणीतरी जुळवल्या आहेत, असंच आपण म्हणू. अतिसममिती हा तो जुळवणारा मुनीम. फर्मिऑन आणि बोसॉन यांचे हिशेबातले वाटे विरुद्ध चिन्हांचे असतात. प्रत्येकाला जोडीदार असला, की जमा आणि खर्च एकमेकांना आपोआप खाऊन टाकतात.

इथे एक अट येते आणि पुढचा सगळा इतिहास याच अटीतून घडतो. जोडीदार अगदी मूळ कणाच्याच वजनाचे असते, तर ते केव्हाच दिसले असते. म्हणजे ते जड असणार. पण फार जड असले, तर मुनिमाचा उपयोग संपतो आणि हिशेब पुन्हा बिघडतो. म्हणून ते प्रोटॉनच्या काहीशे ते हजारेक पट वजनाच्या टापूत असावेत, असा अंदाज बांधला गेला. शोधायला जागा मिळाली.

कोलारच्या पोटात

या शोधाची एक पायवाट कर्नाटकातच सुरू झाली. बेंगळुरूच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे शास्त्रज्ञ तिथे विश्वकिरण मोजायला उतरत असत. १९६५ मध्ये याच खाणीत वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या गेल्या. जगात अशी नोंद करणाऱ्या पहिल्या दोन प्रयोगांपैकी हा एक होता.

१९८० मध्ये तिथे जमिनीखाली २.३ किलोमीटरवर आणखी एक प्रयोग उभा राहिला. टीआयएफआर आणि जपानच्या ओसाका सिटी विद्यापीठाने मिळून सुमारे १४० टन वजनाचा शोधक बसवला. लोखंड आणि विद्युत मोजनळ्या यांचे थरावर थर. निसर्गातली तीन बलं मुळात एकच असतील, तर प्रोटॉनसुद्धा अमर नसणार, कधीतरी तो फुटणार, असं तेव्हाचे एकीकरणाचे सिद्धान्त सांगत होते. पण केव्हा? एकावर एकतीस शून्यं इतक्या वर्षांनी. तेवढी वाट कोण पाहणार? म्हणून एका प्रोटॉनकडे अनंत काळ पाहण्याऐवजी अगणित प्रोटॉनांकडे काही वर्षं पाहायचं, ही युक्ती.

कोलारच्या गटाला प्रोटॉन फुटल्यासारख्या काही घटना दिसल्या आणि जगभर चर्चा झाली. पुढे अमेरिका आणि जपान इथल्या मोठ्या शोधकांना मात्र तसं काही आढळलं नाही. प्रोटॉन सोप्या सिद्धान्ताने सांगितल्यापेक्षा फारच टिकाऊ निघाला. हा नकार फुकट गेला नाही. एकीकरणाच्या सर्वांत साध्या कल्पनेवर त्याने फुली मारली. अतिसममिती धरून केलेल्या एकीकरणात प्रोटॉनचं आयुष्य वाढतं, त्यामुळे तिकडे लोकांचं लक्ष अधिक वळलं. या सगळ्या कहाणीची रीतच ही आहे : न सापडणं हेसुद्धा उत्तर असतं, फक्त ते नीट मोजावं लागतं.

मडकं आणि सुतळी बॉम्ब

जोडीदार कण शोधायचा ठरला, तरी तो ओळखायचा कसा? बहुतेक मांडण्यांमध्ये या कणांपैकी सर्वांत हलका कण टिकाऊ असतो आणि कशाशीच फारशी देवाणघेवाण करत नाही. तो यंत्राच्या पोलादातून आरपार निघून जातो, मागे खूण ठेवत नाही. विश्वातलं अदृश्य द्रव्य अशाच कणांचं असेल, ही आशाही त्यातूनच आली.

दिवाळीत रिकाम्या मडक्यात सुतळी बॉम्ब लावून पाहिलेल्यांना याचं उत्तर लगेच कळेल. मडकं फुटलं की खापऱ्या चहूकडे उडतात. समजा सगळ्या खापऱ्या अंगणाच्या उजव्या अंगालाच सापडल्या. डावीकडे काहीच नाही. तर डावीकडेही काहीतरी उडालं आहे, ते आपल्याला दिसलं नाही, एवढाच निष्कर्ष निघतो. समोरासमोर धडकणाऱ्या कणांच्या यंत्रात असंच करतात. आडव्या दिशेतला संवेग सुरुवातीला शून्य असतो, म्हणून नंतरच्या सगळ्याची बेरीजही शून्य यायला हवी. ती आली नाही, तर जी तूट पडते तिला ‘हरवलेली ऊर्जा’ म्हणतात. अतिसममितीच्या शोधात हा शब्द नेहमी कानावर पडतो.

१९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत डब्ल्यू आणि झेड हे जड बोसॉन सापडले. त्याच्या पाठोपाठ १९८४ मध्ये तिथल्या यूए-१ प्रयोगाने काही चमत्कारिक टकरींची नोंद केली : एका बाजूला कणांचा एकच झोत आणि दुसऱ्या बाजूला भलीमोठी तूट. मडक्याच्या खापऱ्या एकाच अंगाला! या ‘मोनोजेट’ घटनांनी खळबळ उडाली. अनेकांना वाटलं, जोडीदार कण दारात उभा आहे.

कुलाब्यातही हे गणित जोरात चाललं होतं. टीआयएफआरचे दुर्गाप्रसाद रॉय जर्मनीतले एवाल्ड रेया यांच्यासोबत हीच आकडेमोड करत होते : स्क्वार्क आणि ग्लुइनो खरोखर तयार होत असते, तर या यंत्रात किती घटना दिसायला हव्या होत्या? अशा हिशेबातून दोन गोष्टी हाती येतात. कण असेल तर त्याचं वजन, नसेल तर ‘इतक्या वजनापर्यंत तो नाही’ ही सीमा. जास्त टकरी जमल्या, तसं मोनोजेटचं गूढ उकललं. ओळखीच्याच कणांच्या नेहमीच्या घटना वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून ती तूट दिसत होती. १९८६पर्यंत उत्साह ओसरला. लोकांनी एक धडा मात्र कायमचा गिरवला : नव्याचा दावा करण्याआधी जुन्याचा हिशेब शेवटच्या पैपर्यंत लावायचा.

हुजूरपागेतली मुलगी

रोहिणी गोडबोले यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९५२चा, पुण्याचा. शाळा हुजूरपागा, मग सर परशुरामभाऊ महाविद्यालय. १९७४ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून एमएस्सी, १९७९ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक इथून पीएचडी. तिथे राहायची संधी असताना त्या परतल्या. काही वर्षं टीआयएफआरमध्ये, १९८२पासून मुंबई विद्यापीठात आणि १९९५पासून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. त्यांचं क्षेत्र ‘फिनॉमिनॉलॉजी’. सिद्धान्त मांडणारा एका खोलीत, यंत्र चालवणारा दुसऱ्या खोलीत, आणि या दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर बसून ‘तुझं म्हणणं खरं असेल तर याच्या यंत्रात काय दिसेल’ हे सांगणारा तो फिनॉमिनॉलॉजिस्ट.

१९८३ मध्ये त्यांनी संदीप पाकवासा आणि दुर्गाप्रसाद रॉय यांच्यासोबत एक निबंध लिहिला. टॉप क्वार्क तेव्हा सापडायचा होता. प्रश्न होता, इतर क्वार्कांच्या गर्दीतून तो वेगळा कसा काढायचा. त्यांनी दाखवलं, की टॉप जड असल्यामुळे त्याच्यातून निघणारा इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन कणांच्या झोतापासून फटकून, एकटा बाहेर पडतो. हलक्या क्वार्कांतून निघालेला मात्र झोतातच दडलेला असतो. म्हणजे ‘एकटा’ कण शोधा. सुपात धान्य पाखडताना हलका कोंडा पुढे उडतो आणि दाणा मागे राहतो, तशी ही चाळणी. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये टॉप सापडला, तेव्हा तो शोधणाऱ्या दोन प्रयोगांपैकी डी-झिरोमध्ये टीआयएफआर, दिल्ली आणि पंजाब विद्यापीठांचे गट होते. एकट्या कणाची हीच चाळणी पुढे अतिसममितीच्या शोधातही वापरली गेली.

मानुएल ड्रेस या जर्मन सहकाऱ्यासोबत त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. भविष्यातल्या सरळ रेषेतल्या इलेक्ट्रॉन यंत्रांमध्ये प्रकाशकणच प्रकाशकणांवर आदळून मोठा कचरा तयार करतील. कण शोधायचा तर आधी हा कचरा ओळखायला हवा, अशी ती सूचना होती, आणि यंत्रांचे आराखडे करणाऱ्यांना तिची दखल घ्यावी लागली.

रेघ पुढे, आणखी पुढे

१९८९ मध्ये सर्नमध्ये लेप हे यंत्र सुरू झालं. जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचा बोगदा. बेळगावहून खानापूरला जायला जवळजवळ एवढंच अंतर कापावं लागतं. हे अंतर वर्तुळात वळवलं, तर बेळगाव शहराला वेढा पडेल. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन इथे समोरासमोर धडकत. सॅम्युएल टिंग यांच्या नेतृत्वाखालच्या एल-३ प्रयोगात टीआयएफआरचा गट होता.

१९९१ मध्ये लेपच्या मोजमापांतून एक गोष्ट पुढे आली आणि अतिसममितीच्या बाजूने वजन पडलं. तीन बलांची ताकद ऊर्जेप्रमाणे बदलते. स्टँडर्ड मॉडेलनुसार त्या तीन रेघा वर नेल्या, तर एका बिंदूत मिळत नाहीत, जेमतेम चुकतात. जोडीदार कण धरले, की तिन्ही रेघा एकत्र येतात. त्या आलेखाने कितीएकांची खात्री पटवली. प्रत्यक्ष यंत्रात मात्र काहीच दिसेना. २ नोव्हेंबर २०००ला लेप बंद झालं, तेव्हा विद्युतभारित जोडीदारांसाठीची सीमा प्रोटॉनच्या साधारण शंभरपटीपर्यंत पोचली होती. फर्मिलॅबच्या टेव्हाट्रॉन या यंत्राने स्क्वार्क आणि ग्लुइनोसाठीची सीमा तीन-चारशे पटींपर्यंत नेली आणि ३० सप्टेंबर २०११ रोजी तेही थांबलं.

याच मधल्या काळात, २००४ मध्ये, ड्रेस, गोडबोले आणि टीआयएफआरचे प्रबीर रॉय यांचा पाचशेहून जास्त पानांचा ग्रंथ आला : ‘थिअरी अँड फिनॉमिनॉलॉजी ऑफ स्पार्टिकल्स’. ज्या कणांपैकी एकही पाहिलेला नाही, त्यांचं सविस्तर वर्णन : कोणता कसा जन्मेल, कशात विघटित होईल, कोणत्या यंत्रात कोणती खूण ठेवेल. न पाहिलेल्या मुलखाचा तो नकाशा होता. आता जायला वाहन हवं होतं.

सिग्माच्या आकाराची खाच

लेपच्याच बोगद्यात नवं यंत्र बसणार होतं, लार्ज हॅड्रॉन कोलायडर. १९९१ मध्ये भारताचा सर्नशी सहकार्य करार झाला आणि १९९६ मध्ये या यंत्राच्या उभारणीत भाग घ्यायचं ठरलं. पैशाबरोबर वस्तू द्यायची बोली झाली. बोगद्यातल्या १,२३२ मुख्य चुंबकांपैकी प्रत्येक १५ मीटर लांब आणि तीसहून अधिक टनांचा. ही धुडं तोलायला आणि जागेवर बसवायला सुमारे सात हजार अचूक जॅक बेंगळुरू आणि इंदूर इथे तयार झाले. तीसेक टनांचं वजन पेलून ते मायक्रॉनच्या हिशेबात सरकवायचं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही जुन्या टर्नरला विचारा, यात काय कसब लागतं ते तो सांगेल. शिवाय दीडहजाराहून अधिक अतिवाहक दुरुस्ती-चुंबकही भारताने दिले.

अतिसममितीच्या दृष्टीने खरी कळीची वस्तू मात्र कुलाब्यात घडली. सीएमएस हा या यंत्रावरचा सुमारे १४ हजार टनांचा शोधक, जमिनीखाली शंभर मीटरवर, फ्रान्सच्या हद्दीत. त्याच्या पोटात सहा मीटर व्यासाचं चुंबकीय वेटोळं आहे. कणांचे झोत मोजणारा थर या वेटोळ्याच्या आत बसवावा लागला आणि तिथे जागा अपुरी पडली. जोरकस झोताचं शेपूट त्यातून निसटून बाहेर जायचं. आता मडक्याचा दाखला आठवा. निसटलेली खापरी मोजली गेली नाही, तर खोटी तूट दिसणार, आणि जो कण नाहीच तो ‘सापडणार’. म्हणून वेटोळ्याच्या बाहेर आणखी एक थर लागत होता. तो टीआयएफआर आणि पंजाब विद्यापीठाने केला.

हा थर म्हणजे साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या, चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या फरशा. कण आरपार गेला, की फरशीत निळसर प्रकाशाची ठिणगी उमटते. प्रत्येक फरशीत ग्रीक सिग्मा अक्षराच्या आकाराच्या खाचा कोरलेल्या आणि त्यात मिलिमीटरहून जरा बारीक तंतू बसवलेले. तंतू निळा प्रकाश गिळतो, हिरवा करून बाहेर नेतो. फरशी पांढऱ्या टायव्हेक कागदात गुंडाळायची, म्हणजे आतला प्रकाश आतच परावर्तित होईल. वरून काळं वेष्टन, म्हणजे बाहेरचा आत शिरणार नाही. असं एकेक फरशी करत झोत मोजणारा हा शेवटचा थर पुरा झाला. निसटणारं धरून ठेवणं, एवढंच त्याचं काम.

सापडलं ते आणि नाही ते

१० सप्टेंबर २००८ रोजी यंत्रातून पहिला झोत फिरला. नऊ दिवसांनी दोन चुंबकांमधला एक विद्युत सांधा जळाला, द्रवरूप हेलियम स्फोटासारखं बाहेर पडलं, तीसेक टनांचे चुंबक जागचे हलले, जमिनीतले आधार उखडले. ५३ चुंबक वर काढावे लागले. वर्षभराहून अधिक काळ दुरुस्तीत गेला. ३० मार्च २०१० रोजी खऱ्या अर्थाने काम सुरू झालं.

यंत्रात सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा झोत एकमेकांना छेदतात. त्यातले हजारेक प्रसंग ठेवायचे, बाकी तिथल्या तिथे सोडून द्यायचे. हे पाखडणं यंत्रच करतं. ठेवलेला ऐवज जगभरच्या संगणक केंद्रांवर जातो. त्यातलं एक केंद्र टीआयएफआरमध्ये आहे. पुण्याच्या आयसरचा गटही पुढे सीएमएसमध्ये आला.

२०११ संपेपर्यंत स्क्वार्क आणि ग्लुइनो यांची सीमा हजारपटीच्या आसपास पोचली. टेव्हाट्रॉनने वर्षानुवर्षं खपून आखलेली रेघ काही महिन्यांत मागे पडली. मग ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज सापडल्याची घोषणा झाली. वजन १२५ जीईव्ही, म्हणजे प्रोटॉनच्या साधारण १३३ पट. अतिसममितीवाल्यांसाठी ही गोड आणि कडू अशी दोन्ही चवींची बातमी होती. त्यांच्या साध्यात साध्या मांडणीत हिग्ज १३५च्या वर जाऊ शकत नव्हता, म्हणजे तो टापूतच सापडला. पण १२५ गाठायचं, तर टॉपचा जोडीदार अपेक्षेपेक्षा बराच जड असावा लागत होता. आणि जोडीदार जितका जड, तितका मुनिमाचा हिशेब बिघडतो.

२०१५ मध्ये ऊर्जा वाढवून यंत्र पुन्हा सुरू झालं. त्या डिसेंबरात ७५० जीईव्हीजवळ प्रकाशकणांच्या जोड्या जास्त दिसू लागल्या. सिद्धान्तवाल्यांनी काही महिन्यांत शेकडो निबंध लिहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक टकरी मोजल्या आणि तो उंचवटा सपाट झाला. नुसता संख्यांचा खेळ निघाला. मोनोजेटचा धडा बत्तीस वर्षांनी पुन्हा गिरवला गेला. त्याच महिन्यात कोपनहेगनमध्ये एक जुनी पैज निकाली निघाली. २००० मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी लेखी पैज लावली होती : ठरल्या मुदतीत अतिसममितीचा कण सापडेल की नाही? ‘सापडेल’ म्हणणारे हरले. डेव्हिड ग्रॉस यांच्यासारख्या नोबेलविजेत्यालाही कोन्याकची बाटली द्यावी लागली.

पुढच्या वर्षी, २०१७च्या जानेवारीत, भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला. डिसेंबरात अतिसममितीवरची वार्षिक आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत टीआयएफआरमध्ये भरली. ती पंचविसावी होती. ज्या संस्थेने या वाटेवर कोलारची खाण, लेप, टेव्हाट्रॉन आणि सीएमएस पाहिलं होतं, त्याच संस्थेच्या आवारात ‘अजून नाही’ याचा ताळेबंद मांडला गेला.

नकाराची किंमत

या चाळीस वर्षांतून काय मिळालं, असा प्रश्न करदाता विचारू शकतो, आणि त्याने विचारावाच.

पहिली गोष्ट, अतिसममिती खोटी ठरलेली नाही. ग्लुइनोची सीमा आज प्रोटॉनच्या दोन हजार पटींच्या पलीकडे आहे, पण अशा प्रत्येक सीमेमागे गृहीतकं असतात. जोडीदार कणांची वजनं एकमेकांच्या अगदी जवळ असली, तर तूट इतकी कमी पडते, की कण डोळ्यांसमोरून निसटतो. अशा आडगल्ल्या अजून पुऱ्या पाहून झालेल्या नाहीत. पण एक फार सुटसुटीत आशा मात्र मावळली : यंत्र सुरू होताच हे कण धो धो पडतील आणि हिग्जचा हिशेब चटकन जुळेल ही. हिग्ज सापडला, सव्वाशेचा आकडा मिळाला, पण दोन वह्यांची ती अशक्य वजाबाकी कुणी जुळवली हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा जास्त टोचतो.

दुसरी गोष्ट, हातची विद्या वाढली. प्रोटॉनच्या क्षयाचा शोध कोलारच्या खाणीत घेणारी संस्था पुढच्या दोन पिढ्यांत जगातल्या सर्वांत मोठ्या शोधकांपैकी एकाचा थर घडवू लागली. ‘हरवलेली ऊर्जा’ मोजायची तर न हरवलेली प्रत्येक ऊर्जा आधी मोजावी लागते. त्यामुळे नेहमीच्या कणांबद्दल आज जी नेमकी माहिती आहे, तिचा मोठा वाटा या न सापडलेल्या कणांच्या शोधाने मिळवून दिला.

तिसरी गोष्ट माणसांची. भारतातल्या फिनॉमिनॉलॉजीच्या कार्यशाळा १९८९ पासून भरू लागल्या; त्यांतून तयार झालेले विद्यार्थी आज देशभरच्या विभागांत शिकवतात. गोडबोले यांनी या कामाच्या जोडीने विज्ञानात येणाऱ्या मुलींसाठी दारं उघडी करायचा ध्यास घेतला. २००८ मध्ये राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या चरित्र-आत्मकथनांचा ‘लीलावतीज डॉटर्स’ हा संग्रह संपादित केला. भास्कराचार्यांची लीलावती त्याच्या नावात आली ती उगाच नव्हे. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. ज्या कणांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, त्यातला एकही पाहायला मिळाला नाही.

यंत्र अजून थकलेलं नाही. टकरींची संख्या कितीतरी पटींनी वाढवणारं त्याचं नवं रूप २०३०च्या सुमारास कामाला लागायचं आहे. तोवर जमवलेल्या साठ्यातून नवनव्या सीमा आखल्या जातील. २००४च्या त्या जाड ग्रंथातले सीमांचे बहुतेक आकडे कधीच जुने झाले.  कोणता कण कुठे, कसा आणि कोणती खूण ठेवेल हे सांगणारी पानं मात्र विद्यार्थी आजही उघडतात. पुढची रेघ आखायला तीच लागतात.